टॅबवर काम: वर्षानुवर्षं टिकलेली ॲप्स आणि त्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी मराठी पुस्तकांची प्रुफं तपासतो आणि संपादन करतो. या कामाचा बराच भाग टॅबवर होतो, त्यामुळे ओळखीचे शिक्षक, वकील, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असा सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणतं ॲप घेऊ?’ या महिन्यात गाजणाऱ्या ॲप्सबद्दल इथे काही सापडणार नाही. आणखी पाच वर्षांनीही उघडतील आणि तुमचं काम तुम्हाला परत देतील, अशा ॲप्सबद्दल लिहिलं आहे. माझा अनुभव मुख्यतः आयपॅडचा आहे. अँड्रॉइडवाल्यांसाठी पुढे वेगळं उत्तर आहे.

यादीत येण्याची कसोटी काय?

ॲपने निदान एक मोठा बदल पचवलेला असावा. आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ (तेव्हाची आयपॅडची प्रणाली) आलं आणि ३२-बिटची जुनी ॲप्स त्यावर उघडेनाशी झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी ती वेळेवर नव्याने बांधली नव्हती, त्यांचा प्रवास तिथेच थांबला. त्याआधी २०१५ मध्ये पडद्यावर दोन ॲप्स शेजारी-शेजारी ठेवायची सोय आली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपल पेन्सिल आली. २०१७ मध्ये फाइल्स हे ॲप, २०१९ मध्ये आयपॅडओएस ही आयपॅडची वेगळी प्रणाली. प्रत्येक वेळी ॲप बनवणाऱ्याला पुन्हा कामाला बसावं लागलं. जे ॲप या सगळ्यातून आलं, त्याच्यामागे लक्ष देणारी माणसं आहेत हे नक्की.

दुसरी कसोटी मला जास्त महत्त्वाची वाटते: त्यात केलेलं काम बाहेर काढता येतं का? पीडीएफ, साधा मजकूर, वर्डची फाइल, चित्र अशा कुठल्याही सर्वसामान्य रूपात निघत असेल तर ॲप उद्या बंद पडलं तरी तुमचं फारसं बिघडत नाही.

थेट नावं सांगा ना.

पीडीएफसाठी गुडरीडर किंवा पीडीएफ एक्स्पर्ट. हाताने लिहायला गुडनोट्स किंवा नोटॅबिलिटी. कामांच्या यादीला थिंग्ज किंवा टुडुइस्ट. चित्रं आणि सुलेखनासाठी प्रोक्रिएट. पटकन काही टिपून ठेवायला ॲपलचं स्वतःचं नोट्स किंवा ड्राफ्ट्स. आयपॅड, अँड्रॉइड आणि विंडोज अशी तिन्हीकडे ये-जा असेल तर वननोट. यांतली बहुतेक ॲप्स दहा वर्षांहून जुनी आहेत, आणि एका माणसाला यातली तीन-चार पुरतात.

पुस्तकाची प्रुफं, उत्तरपत्रिका किंवा कोर्टाचे कागद पीडीएफवर तपासायचे आहेत. काय वापरू?

टॅब खरा कामाला येतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गुडरीडर आयपॅडच्या सुरुवातीपासून आहे. दिसायला ते आजही जुन्या वळणाचं आहे, पण दोनशे पानांची जड पीडीएफ ते न अडखळता उघडतं. पीडीएफवर पहिली खूण करताच ते विचारतं: याच फाइलमध्ये जतन करू, की वेगळी प्रत करू? प्रुफाच्या कामात या प्रश्नाला मोल आहे, कारण लेखकाकडून आलेली मूळ प्रत कोरी राहिलीच पाहिजे. वेगळी प्रत निवडा आणि फाइलच्या नावात ‘पहिलं वाचन’, ‘दुसरं वाचन’ असं लिहीत जा.

पीडीएफ एक्स्पर्ट बनवणारी रीडल ही कंपनी २००७ मध्ये युक्रेनमधल्या ओडेसात सुरू झाली. हे ॲप जास्त देखणं आहे, पेनाने लिहिणं सफाईदार आहे, पानं मागेपुढे करणं सोपं आहे. काही सोयी वर्गणीदारांसाठी राखीव आहेत. रोज पीडीएफ हाताळणाऱ्याला ती वर्गणी परवडते. महिन्यातून एखादी फाइल असेल, तर आयपॅडच्या फाइल्स ॲपमध्ये पीडीएफ उघडून पेनाने खुणा केल्या तरी भागतं. २०२५ च्या आयपॅडओएस २६ पासून प्रिव्ह्यू हे मॅकवरचं ओळखीचं ॲपही आयपॅडवर आलं आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. तपासलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरच्याच्या फोनवर खुणा कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. याचं कारण असं की खुणा पीडीएफच्या पानावर वेगळ्या थरात असतात आणि प्रत्येक वाचक-ॲप तो थर दाखवतंच असं नाही. म्हणून पाठवताना ‘फ्लॅटन’ केलेली प्रत पाठवा. मग खुणा पानाचाच भाग होतात. स्वतःकडे मात्र थर असलेली प्रत ठेवा, म्हणजे पुढे एखादी खूण पुसता येते. आणि व्हॉट्सॲपवर फाइल नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडा. पानाचा फोटो काढून पाठवला की अनुस्वार हमखास हरवतात.

गुडनोट्स की नोटॅबिलिटी?

दोन्ही आयपॅडच्या पहिल्या वर्षभरातली: नोटॅबिलिटी २०१० ची, गुडनोट्स जानेवारी २०११ ची.

तासाला किंवा व्याख्यानाला बसून लिहिणार असाल तर नोटॅबिलिटी. ती आवाज ध्वनिमुद्रित करते आणि नंतर तुम्ही लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द लिहिताना वक्ता काय बोलत होता ते ऐकवते. वर्गात वेगाने लिहिताना सुटलेलं वाक्य परत मिळतं. मुलाखत घेणाऱ्यांना, लोककथा गोळा करणाऱ्यांना याहून उपयोगी सोय माझ्या पाहण्यात नाही. (समोरच्याची परवानगी आधी घ्या.)

वह्या, कप्पे, मुखपृष्ठं अशी मांडणी आवडत असेल, अभ्यासाचे विषय वेगळे ठेवायचे असतील, तर गुडनोट्स. मराठी माध्यमाच्या मुलांना तेच पटकन जमतं, कारण ते खऱ्या वहीसारखं वागतं.

दोघांचा वर्गणीचा इतिहास माहीत असलेला बरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोटॅबिलिटीने एकदाच पैसे घेण्याची पद्धत सोडली आणि आधी विकत घेतलेल्यांच्या सोयींनाही मुदत घातली. लोक इतके रागावले की काही दिवसांतच कंपनीने जुन्या ग्राहकांना त्यांच्या सोयी कायमच्या परत दिल्या. गुडनोट्सने ऑगस्ट २०२३ मध्ये सहावी आवृत्ती आणली तेव्हा वर्गणीसोबत एकदाच पैसे भरायचा पर्यायही ठेवला आणि पाचवी आवृत्ती घेतलेल्यांना ती वापरत राहू दिली. माझ्या मते दुसरी वाट ग्राहकाचा मान राखणारी आहे.

दोन्हींत एक सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा: गूगल ड्राइव्ह किंवा तशा ठिकाणी आपोआप पीडीएफ बॅकअप. एकदा लावलं की प्रत्येक वहीची पीडीएफ ॲपच्या बाहेर जमा होत राहते.

मराठीत लिहिताना कुठे अडतं?

बऱ्याच ठिकाणी. परदेशी परीक्षणांत याबद्दल काहीच मिळत नाही.

पहिली गोष्ट टंकलेखनाची. आयपॅडमध्ये मराठीचा कळफलक आधीपासून असतो. सेटिंग्जमधून तो जोडायचा. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर जीबोर्ड हा गूगलचा कळफलक घ्या. बोलून लिहायचं असेल तरी जीबोर्डच. गूगलने मराठी आवाजाची सोय २०१७ मध्ये आणली आणि ती साध्या गद्याला चांगली साथ देते. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतात. फार लिखाण असेल तर बाहेरचा कळफलक जोडून इनस्क्रिप्ट शिका. पहिले काही आठवडे हात अडखळतो, पण हा भारत सरकारचा प्रमाण आराखडा आहे, आणि संगणक, फोन, टॅब सगळीकडे तोच चालतो.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या जोडणीची. नवं ॲप घेण्याआधी त्याच्या मोफत आवृत्तीत ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘क्ष-किरण’ एवढं टंका आणि त्याची पीडीएफ काढा. पडद्यावर नीट दिसणारं ‘ऱ्या’ पीडीएफमध्ये तुटलेलं निघालं, तर ते ॲप मराठीच्या कामाचं नाही. ॲपलच्या पेजेसमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये ही अडचण मला येत नाही.

तिसरी गोष्ट शोधाची, आणि ती सहज ध्यानात येत नाही. ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेत देण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र घेऊन त्याच्या हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखी, पण ॲपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच, ते एकच अक्षर म्हणून लिहिता येतं किंवा ‘अ’वर चंद्र जोडून. फोनवर लिहिलेली टिपणं टॅबवर शोधताना सापडत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. उपाय साधा आहे: सगळ्या उपकरणांवर एकच कळफलक वापरा आणि शोधताना शब्दाचा, ही अक्षरं नसलेला तुकडाच टाका.

हाताने लिहिलेल्या मराठीचा शोध घेण्यावर विसंबू नका. प्रत्येक पानाचा मथळा तेवढा टंकून ठेवा. मथळे पुढे नक्की सापडतात.

जुनी मराठी पीडीएफ उघडते, पण त्यातला शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर भलतंच उमटतं. ॲप बदलू का?

ॲपचा दोष नाही. ती पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे श्री-लिपी, कृतिदेव अशा प्रकारात बनलेली आहे. अक्षरांच्या आकृत्या बरोबर आहेत, पण आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे आहेत. मराठी प्रकाशन आणि सरकारी कार्यालयांतला कित्येक वर्षांचा मजकूर या अवस्थेत आहे.

अशा पीडीएफवर पेनाने खुणा करायला काही अडत नाही. मजकूर हवा असेल तर ती गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकाच्या ब्राउझरमधून गूगल डॉक्समध्ये उघडा. पानाच्या चित्रावरून मराठी मजकूर ओळखला जातो. मोठी फाइल असेल तर आधी तिचे लहान तुकडे करा. आलेला मजकूर एकदा डोळ्याखालून घालावाच लागतो, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार.

कामांच्या यादीसाठी थिंग्ज का? किंमत तर बरीच आहे.

जर्मनीतल्या श्टुटगार्टची कल्चर्ड कोड ही छोटी कंपनी ते बनवते. तिसरी आवृत्ती मे २०१७ मध्ये आली आणि अजून तीच चालू आहे, वर्गणीशिवाय. एवढ्या काळात ती सतत सुधारत आली आणि त्याचे वेगळे पैसे मागितले गेले नाहीत. किंमत वर्षांवर वाटून पाहिली की स्वस्त पडते. आयफोन आणि आयपॅडचं ॲप मात्र वेगवेगळं घ्यावं लागतं, आणि अँड्रॉइडवर ते नाहीच.

घरात किंवा कार्यालयात कुणाचा फोन अँड्रॉइड असेल तर टुडुइस्ट. २००७ पासून आहे, सगळीकडे चालतं, मोफत योजनेत मोजके प्रकल्प ठेवता येतात.

एव्हरनोट अजून वापरावं का?

टिपणं ठेवायचं हे जुनं ॲप नव्याने सुरू करू नका. २०१६ मध्ये मोफत वापर दोन उपकरणांपुरता झाला, पुढे कंपनी इटलीच्या बेंडिंग स्पून्सकडे गेली, आणि डिसेंबर २०२३ पासून मोफत खात्याला ५० टिपणं आणि एक वही एवढीच मर्यादा आली. जुनी टिपणं अडकली असतील तर संगणकावरच्या एव्हरनोटमधून ती एक्स्पोर्ट करा. ॲपलचं नोट्स ती फाइल सरळ आत घेतं.

पैसे न भरता काय काय होतं?

पुष्कळ. ॲपलचं नोट्स २०१५ मध्ये नव्याने बांधलं गेलं आणि तेव्हापासून ते दरवर्षी सुधारत आलं आहे. ॲपलची पेजेस, नंबर्स, कीनोट २०१७ पासून सर्वांना मोफत आहेत. वननोट मोफत आहे. आपल्याकडच्या झोहोचं नोटबुक २०१६ पासून मोफत मिळतं. कंपनीची कमाई इतर सॉफ्टवेअरवर होते, त्यामुळे त्यात जाहिराती नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलची एक अट फारशी कुणाला ठाऊक नसते. पडदा १०.१ इंचांपर्यंत असेल तर घरगुती वापरासाठी संपादन मोफत, त्याहून मोठा असेल तर वर्गणी लागते. आयपॅड मिनी यात बसतो, हल्लीचा नेहमीचा आयपॅड बसत नाही.

मोफत जागेचा हिशेबही ठेवा: आयक्लाउडवर ५ जीबी, गूगलवर १५ जीबी.

कागद स्कॅन करायला कॅमस्कॅनर चालेल?

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ते होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या जाहिरातींच्या भागात घातक प्रणाली सापडली होती. आधार, सातबारा, गुणपत्रिका यांसारखे कागद अशा ॲपमध्ये ठेवू नयेत. आयपॅडवर नोट्स किंवा फाइल्समधलं स्कॅन वापरा, अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हचं. दोन्ही मोफत आहेत आणि स्वच्छ पीडीएफ देतात.

वर्गणी भरायची की एकदाच पैसे देऊन मोकळं व्हायचं?

एकदाच घ्यायचं ॲप मिळत असेल तर मी तेच घेतो. प्रोक्रिएट हे याचं उत्तम उदाहरण. टास्मानियातल्या होबार्टची सॅव्हेज इंटरॅक्टिव्ह ते २०११ पासून बनवते, आणि एकदा विकत घेतलं की पुढे काही भरावं लागत नाही. देवनागरी सुलेखन करणाऱ्यांना त्यात स्वतःचा बोरू आणि दौत घडवता येते. फक्त त्यातलं काम आपोआप क्लाउडवर जात नाही, म्हणून महत्त्वाची चित्रं पीएसडी (फोटोशॉपच्या फाइल) रूपात बाहेर काढून ठेवत जा.

भारतात वर्गणीची एक वेगळी कटकट आहे. आपोआप पैसे कापण्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. नियम ग्राहकाच्या हिताचेच आहेत, पण परदेशी कंपन्यांची वसुली अडखळली, आणि २०२२ मध्ये ॲपलने इथे कार्डाने पैसे घेणं थांबवलं. वर्गणी ठेवणार असाल तर यूपीआयची मंजुरी चालू आहे का ते पाहा, किंवा ॲपल खात्यात वर्षभराची शिल्लक भरून ठेवा. आणि वर्गणी घेण्याआधी हे एक शोधा: ती संपल्यावर जुन्या फाइल वाचता आणि बाहेर काढता येतात का? याचं उत्तर गोलमोल असेल तर घेऊ नका.

एकदाच पैसे घेणारी बहुतेक ॲप्स ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये घरातल्या सहा जणांपर्यंत चालतात, हाही फायदाच.

माझ्याकडे अँड्रॉइड टॅब आहे.

सॅमसंगचा पेनवाला टॅब असेल तर सॅमसंग नोट्स पुरेसं आहे. पीडीएफवर लिहिणंही त्यात जमतं. पुढे कधी दुसऱ्या कंपनीचा टॅब घेतलात तर या टिपणांचं काय, हा विचार आत्ताच करा आणि महत्त्वाच्या वह्या पीडीएफ करून ठेवा. दुसऱ्या कंपनीचा टॅब असेल तर वननोट किंवा स्क्विड. अँड्रॉइडचा एक मोठा फायदा असा की जीबोर्डमध्ये बोटाने किंवा पेनाने मराठी लिहिलं की त्याचा टंकित मजकूर होतो. ज्यांना कळफलक जमत नाही अशा घरातल्या मोठ्यांसाठी ही सोय फार चांगली आहे.

ॲप बंद पडणार हे आधी कळतं का?

चाहूल लागते. मोठ्या कंपनीने लोकप्रिय छोटं ॲप विकत घेतलं की सावध व्हा. ईमेलचं मेलबॉक्स ड्रॉपबॉक्सने २०१३ मध्ये घेतलं, २०१६ मध्ये बंद केलं. कामांच्या यादीचं वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं, मे २०२० मध्ये बंद केलं. लेख जमवून ठेवायचं पॉकेट, २००७ पासूनचं, मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केलं. तिन्ही ॲप्स चांगली होती आणि लोकांना प्रिय होती.

ॲप स्टोअरमधली ‘व्हर्जन हिस्टरी’ पाहत जा. वर्षभरात एकही सुधारणा नसेल तर काम बाहेर काढायला लागा. ॲपल आणि गूगल दोघंही फार काळ न सुधारलेली ॲप्स दुकानातून काढतात किंवा नव्या उपकरणांना दाखवत नाहीत. आणि जागा वाचवायला ‘ऑफलोड’ केलेलं (म्हणजे आतली माहिती ठेवून तेवढं काढलेलं) ॲप दुकानातून गेलं असेल तर ते परत उतरत नाही. त्यामुळे जुनं, आवडतं ॲप ऑफलोड करू नका.

आयपॅड जुना आहे, नवी ॲप्स चढत नाहीत. टाकून देऊ?

मुळीच नको. २०१४ चा आयपॅड एअर २ आयपॅडओएस १५ पर्यंत सुधारत गेला. अशा आयपॅडवर, तुमच्या खात्याने पूर्वी घेतलेल्या ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती ॲप स्टोअर देऊ करतं. ते पाहायला ॲप स्टोअरमध्ये स्वतःच्या खात्यातली खरेदीची यादी उघडा. शोधून गेलात तर तो पर्याय पुढे येत नाही. नव्या आयपॅडवर त्याच खात्याने ॲप एकदा उतरवून मग जुन्यावर प्रयत्न केला तरी बहुतेकदा जमतं. पीडीएफ वाचन, प्रुफं, मुलांचा अभ्यास यांना असा आयपॅड अजून पुरतो. बँकेची ॲप्स मात्र त्यावर ठेवू नका. त्याला आता नियमित सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत.